डिझाइन संशोधनात इतर विद्याशाखांची मदत कशी घ्यावी: प्रश्नाच्या मांडणीपासून परिणामांच्या मोजणीपर्यंत

डिझाइनच्या संशोधनाला स्वतःचे असे एकच शास्त्र नाही. माणूस यंत्राशी कसा वागतो हे समजून घेण्यासाठी डिझायनर मानसशास्त्राकडे जातो, लोक प्रत्यक्षात कसे जगतात हे पाहण्याची रीत मानववंशशास्त्राकडून घेतो, शरीराच्या मापांसाठी अर्गोनॉमिक्सच्या, म्हणजे वस्तू आणि काम माणसाच्या शरीराला जुळवून घेणाऱ्या शास्त्राच्या, तक्त्यांवर विसंबतो आणि केलेला बदल लागू पडला की नाही हे ठरवताना संख्याशास्त्राचा आधार शोधतो. ही देवघेव जुनी आहे आणि तिच्यावाचून डिझाइनचे काम पुढे सरकतही नाही. तरीही विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांत आणि व्यावसायिकांच्या सादरीकरणांतही एक उणीव वारंवार दिसते. दुसऱ्या शास्त्रातील संज्ञा येते, निष्कर्ष येतो. पण तो निष्कर्ष ज्या अटींवर उभा आहे त्या अटी मागेच राहतात. अटींशिवाय आणलेला निष्कर्ष म्हणजे ऐकीव माहिती, आणि तिच्यावर कोणाच्या जिवाशी संबंधित वस्तू उभी करणे योग्य नाही. म्हणून उसनी घेतलेली प्रत्येक कल्पना तिच्या अटींसह कशी आणावी, जागेवर कशी तपासावी आणि तिचा परिणाम कसा मोजावा, हे येथे क्रमाने मांडले आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण सोबत ठेवू. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना होणारे मृत्यू हा अनेक दशकांचा प्रश्न आहे. २०१० च्या सुमारास मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावरील वडाळा स्थानकाच्या परिसरात फायनलमाइल या मुंबईतील वर्तन-सल्लागार संस्थेने तीन बदल करून पाहिले. रुळांखालच्या स्लीपरांचे एकाआड एक गट ठळक पिवळ्या रंगाने रंगवले. मोटरमनने एकच लांब भोंगा देण्याऐवजी दोन तुटक, छोटे भोंगे द्यावेत अशी व्यवस्था केली. आणि सूचनाफलकावरील नेहमीच्या रेषाचित्राच्या जागी गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरील भीती टप्प्याटप्प्याने दाखवणारी छायाचित्रे लावली. त्यानंतर तेथील मृत्यू घटल्याच्या बातम्या आल्या आणि हा प्रयोग देशाबाहेरही चर्चिला गेला. या तीन साध्या बदलांमागे दृष्टीचे मानसशास्त्र, ध्वनीला मेंदू कसा प्रतिसाद देतो याचा अभ्यास आणि भावनांविषयीचे संशोधन असे तीन वेगळे आधार होते.

पहिली पायरी: प्रश्न फोडा आणि प्रत्येक तुकड्याचा जाणकार ओळखा

काम हाती आले की पहिल्याच दिवशी उपाय सुचू लागतात. ते बाजूला लिहून ठेवावेत आणि मूळ प्रश्नाचे लहान प्रश्न करावेत. ‘लोक रूळ ओलांडताना का मरतात?’ हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात निदान चार प्रश्न दडलेले आहेत. येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज का चुकतो, हा दृष्टीच्या मानसशास्त्राचा प्रश्न आहे. रोज तोच धोका पत्करणाऱ्याला त्याची भीती का उरत नाही, हा वर्तनाचा प्रश्न आहे. पादचारी पूल असताना लोक तो का टाळतात, याचे उत्तर जागेवर दिवसचे दिवस निरीक्षण करणाराच देऊ शकेल. आणि वस्ती रुळांच्या एका बाजूला व शाळा, पाणी, बाजार दुसऱ्या बाजूला असे का झाले, हा नगररचनेचा आणि राजकारणाचा प्रश्न आहे.

यांतला कोणता प्रश्न आपण आपला मानतो, त्यावर पुढचे सारे ठरते. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या अभ्यासकांनी १९७३ साली नियोजनाच्या प्रश्नांविषयी लिहिताना हेच दाखवून दिले होते की, अशा प्रश्नांत प्रश्नाची मांडणी आणि उपाय एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. वेगाचा अंदाज चुकतो असे मांडले की उत्तर रंगात सापडते. पूल गैरसोयीचा आहे असे मांडले की उत्तर पुलात सापडते. माझे स्पष्ट मत असे की, ज्या मांडणीत सगळी जबाबदारी चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर येते, तिच्याकडे डिझायनरने अधिक काळजीने पाहावे. पिवळे पट्टे स्वस्त आणि तातडीने करता येण्याजोगे होते, म्हणून ते करणे रास्तच. परंतु त्यामुळे चौथा प्रश्न सुटला असे अहवालात कोठेही सूचित होता कामा नये.

कागदावर तुकडे झाले की प्रत्येकासमोर संबंधित विद्याशाखेचे नाव लिहावे आणि त्यांतल्या दोनच निवडाव्यात. तीन-चार महिन्यांच्या प्रकल्पात दोनांहून अधिक शाखांचे वाचन वरवरचे होते. उरलेले प्रश्न ‘या अभ्यासाच्या बाहेर’ म्हणून नोंदवावेत, गाळू नयेत.

दुसरी पायरी: कल्पना तिच्या अटींसह घ्या

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. पिवळ्या पट्ट्यांमागची कल्पना हर्शेल लायबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९८५ च्या मांडणीकडे जाते. मोठ्या आकाराची वस्तू तितक्याच वेगाने जाणाऱ्या लहान वस्तूपेक्षा हळू जात असल्याचा भास होतो. म्हणून रेल्वे-फाटकावर थांबलेल्या वाहनचालकाला आगगाडी आहे त्यापेक्षा संथ वाटते, असे त्याचे म्हणणे होते. शिवाय गाडी समोरून थेट आपल्याकडे येत असेल, तर ती बाजूला सरकताना दिसत नाही. फक्त तिचा आकार वाढतो, आणि दूर असताना ही वाढ इतकी मंद असते की गाडी जवळजवळ स्थिर भासते.

ही कल्पना वडाळ्याला आणताना अटींची यादी करायला हवी. मूळ विचार फाटकाजवळच्या वाहनचालकाविषयी होता. येथे माणूस पायी आहे आणि एकापाठोपाठ अनेक रूळ ओलांडतो आहे. तेथे गाडी क्वचित येते, येथे काही मिनिटांनी येते. तेथे आजूबाजूला बरीचशी शांतता असते, येथे शेजारच्या रुळावरील दुसऱ्या गाडीचाही आवाज असतो. यांतला प्रत्येक फरक निष्कर्ष बदलेलच असे नाही, पण कोणता फरक महत्त्वाचा हे ठरवण्यासाठी आधी तो कागदावर यावा लागतो.

आता उपायाकडे जवळून पाहू. पट्ट्यांचा हेतू असा की, स्थिर खुणा एकामागून एक गाडीखाली नाहीशा होताना दिसल्या की डोळ्याला वेगाचे माप मिळते. त्यासाठी खुणा वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. रस्त्यावर वा रुळांत उभ्या असलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असतात आणि १०० मीटर अंतरावरील जमीन तो एका अंशाहूनही कमी कोनातून पाहतो. अशा तिरक्या नजरेने दिसणाऱ्या पट्ट्याचा डोळ्याशी होणारा कोन काढण्याचे गणित सोपे आहे: पट्ट्याची लांबी गुणिले डोळ्यांची उंची, भागिले अंतराचा वर्ग. सामान्य दृष्टीला अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा ओळखता येतो. या हिशेबाने १०० मीटरवरचा पट्टा वेगळा दिसायचा, तर तो रुळांच्या दिशेने सुमारे दोन मीटर लांब हवा. स्लीपर एकमेकांपासून साधारण ६० सेंटिमीटरवर असतात. म्हणजे एकाआड एक स्लीपर रंगवला तर इतक्या दुरून सगळी रंगरंगोटी मिसळून जाईल, तीन-चार स्लीपरांचा गट केला तर पट्टा ओळखू येईल, आणि लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीसाठी गट आणखी लांब करावा लागेल. ब्रश हाती घेण्यापूर्वी असा हिशेब करता येतो. मानसशास्त्राकडून फक्त ‘भास’ हा शब्द घेतला असता तर तो सुचला नसता.

अटी कळण्यासाठी मूळ लेखन वाचावे लागते. सारांशात अटी गळतात. मूळ वाचून झाले की त्या विषयाच्या जाणकाराला भेटावे, पण रिकाम्या हाताने जाऊ नये. एका पानावर तीन गोष्टी लिहून न्याव्यात: ही कल्पना मला अशी समजली, मी ती येथे अशी वापरणार आहे, आणि अमुक घडले तर माझे चुकले असे मी मानेन. मग विचारावे की, हा निष्कर्ष या अंतराला, या प्रकाशात, या वयाच्या माणसांना लागू होईल का. तुमच्या क्षेत्रात याला कोणाचा विरोध आहे. आणि तो नेमका कोठे फसेल असे तुम्हाला वाटते. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सर्वांत मोलाचे असते.

तिसरी पायरी: निरीक्षणाची शिस्त मानववंशशास्त्राकडून शिका

‘आम्ही वापरकर्त्यांशी बोललो’ हे वाक्य अहवालांत सर्रास असते. बोलणे आणि पाहणे यांत मोठे अंतर आहे, कारण माणूस स्वतःच्या सवयींचे वर्णन करताना प्रत्यक्षात काय करतो यापेक्षा काय करायला हवे ते सांगतो. हे अंतर भरून काढण्याची एक उत्तम रीत लूसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ महिलेने झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करताना दाखवून दिली. तिचे पुस्तक १९८७ मध्ये आले. सूचना देणाऱ्या, दिसायला हुशार अशा छायाप्रत यंत्रासमोर तिने माणसांना एकेकटे न बसवता जोडीने बसवले. दोघे असले की ‘आता हे काय म्हणतंय?’, ‘अरे, ते बटण दाब’ असे बोलणे आपोआप होते आणि मनातला विचार मुद्दाम काढून घ्यावा लागत नाही. चित्रफितीवरून तिने जे घडले त्याची चार रकान्यांत नोंद केली: माणसाने केलेले जे यंत्राला कळत नाही, माणसाने केलेले जे यंत्राला कळते, यंत्राने केलेले जे माणसाला दिसते, आणि त्यामागे डिझाइन करणाऱ्याने धरलेला हेतू.

ही चार रकान्यांची वही कोणालाही उद्यापासून वापरता येईल. समजा, लोकलच्या स्थानकावरील तिकीट यंत्रासमोर एक आजी आणि त्यांची नात उभ्या आहेत. आजी विचारतात, ‘कुर्ला कुठे दिसतंय गं?’ ही नोंद पहिल्या रकान्यात जाते, कारण यंत्राला ते ऐकू येत नाही. नात पडद्यावर चुकीच्या मार्गाला बोट लावते. हे दुसऱ्या रकान्यात. पडदा बदलतो आणि स्थानकांची दुसरीच यादी येते, हे तिसऱ्यात. प्रवाशाला आपला मार्ग नावाने माहीत असतो, हे डिझाइन करणाऱ्याने धरलेले गृहीत चौथ्यात. अशा वीस-तीस ओळी झाल्या की पहिला आणि चौथा रकाना एकमेकांपासून कोठे दूर जातात ते दिसू लागते. दुरुस्तीची जागा तीच.

वहीत नोंद करताना आपला अर्थ आणि घडलेली गोष्ट वेगळ्या शाईने लिहावी. ‘आजी गोंधळल्या’ हा अर्थ झाला. ‘आजींनी हात मागे घेतला आणि नातीकडे पाहिले’ ही घडलेली गोष्ट. एकाच वेळी, एकाच जागी पाहून थांबू नये. सकाळच्या गर्दीतला आणि दुपारच्या निवांत वेळेतला प्रवासी एकाच यंत्राशी वेगळा वागतो.

चौथी पायरी: शरीर मोजताना सरासरीपासून सावध राहा

येथे थोडक्यात सांगता येईल, कारण अर्गोनॉमिक्सने नियम घालून दिलेले आहेत. हात पोहोचण्याच्या अंतरासाठी लहान शरीराचे माप धरावे, मोकळ्या जागेसाठी मोठ्या शरीराचे. भारतीयांच्या शरीरमापांचे संकलन अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले आहे. परदेशी तक्ते जसेच्या तसे लावण्याचे त्यामुळे काही कारण उरत नाही.

मात्र सरासरीचा मोह सुटत नाही, म्हणून एक उदाहरण ध्यानात ठेवावे. १९५० च्या सुमारास अमेरिकी हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्स याने ४,०६३ वैमानिकांची मापे तपासली. दहा मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही वैमानिक त्याला सापडला नाही. सरासरी वैमानिकासाठी केलेली आसनव्यवस्था त्यामुळे कोणासाठीच नव्हती, आणि पुढे-मागे सरकवता येणाऱ्या आसनांचा आग्रह त्यातूनच पुढे आला.

त्याआधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अल्फॉन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञापुढे बी-१७ बॉम्बर विमानांचे कोडे आले होते. विमान उतरल्यावर वैमानिक फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या हलत्या पट्ट्या) मिटवण्याऐवजी चाकेच वर घेत. दोष वैमानिकांचा मानला जात होता. पण दुसऱ्या काही विमानांत ही चूक होत नव्हती, आणि त्या तुलनेतून दिसले की बी-१७ मध्ये दोन्ही नियंत्रणे शेजारी-शेजारी आणि सारखीच होती. एकावर चाकाच्या आकाराची आणि दुसऱ्यावर पाचरीच्या आकाराची मूठ बसवल्यावर हाताच्या स्पर्शानेच फरक कळू लागला. यातून घेण्याजोगी पद्धत अशी: चूक जेथे होते तेथेच पाहत न बसता, ती जेथे होत नाही अशी जागा शोधावी आणि दोहोंतला फरक लिहून काढावा. वडाळ्याबाबतही विचारायला हवे की, तितकीच गर्दी असलेल्या कोणत्या स्थानकाजवळ मृत्यू कमी आहेत आणि तेथे काय वेगळे आहे.

पाचवी पायरी: नमुना बनवा, तोही संशोधनाचे साधन म्हणून

इतर शास्त्रे आहे ते समजून घेतात. डिझायनरला नसलेले करून पाहावे लागते. म्हणून नमुना हा शेवटी दाखवायचा देखावा न मानता, उसन्या कल्पनेला विचारलेला प्रश्न मानावा. पवईच्या आयआयटीतील डिझाइन विभागात तयार झालेला स्वरचक्र हा फोनवरील टंकनफलक (कीबोर्ड) याचे चांगले उदाहरण आहे. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत, म्हणजे कवर्ग, चवर्ग, टवर्ग ही उच्चारस्थानांनुसार झालेली जुनी वर्गवारी तशीच ठेवली आहे. आणि एखाद्या व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती का, कि, की, कु अशा अक्षरांचे चक्र उमटते. म्हणजे फलकाची मांडणी ध्वनिशास्त्राने दिली आणि चक्राची बाराखडीने.

परंतु भाषाशास्त्र फक्त इतकेच सांगते की हा क्रम तर्कशुद्ध आहे. शाळा सोडून तीस वर्षे झालेल्या माणसाला ‘ढ’ किती चटकन सापडेल, जोडाक्षर लिहिताना तो कोठे अडेल, याचे उत्तर त्या शास्त्राकडे नाही. ते माणसाच्या हाती फोन देऊनच मिळते. तेव्हा प्रत्येक नमुन्यासोबत एक वाक्य लिहावे: ‘अमुक शास्त्राने मला येथपर्यंत आणले, यापुढचे हा नमुना सांगेल.’ आणि नमुना जितका कच्चा, तितके लोक मोकळेपणाने बोलतात. १९८१ मध्ये स्कँडिनेव्हियात छपाई कामगारांच्या संघटनांसोबत सुरू झालेल्या यूटोपिया प्रकल्पात न बनलेल्या संगणकांच्या जागी पुठ्ठ्याची खोकी ठेवून काम करून पाहिले गेले, कारण पुठ्ठा बदलायला कामगाराला कोणाची परवानगी लागत नाही.

सहावी पायरी: परिणाम मोजताना संख्याशास्त्राचे ऐका

वडाळ्यासारख्या प्रयोगाचे मूल्यमापन कसे करावे? बदलापूर्वीचे आणि नंतरचे आकडे शेजारी मांडले की काम झाले असे वाटते, पण तेथे तीन अडचणी आहेत.

पहिली अशी की, प्रयोगासाठी जागा बहुधा वाईट वर्षानंतर निवडली जाते. एखाद्या वर्षी आकडा नेहमीपेक्षा फार वर गेला असेल, तर काहीही न करता पुढच्या वर्षी तो खाली येण्याचीच शक्यता अधिक. म्हणून निदान मागच्या पाच वर्षांचे आकडे घ्यावेत आणि बदल न केलेली, तशाच प्रकारची दुसरी जागा तुलनेला ठेवावी. दुसरी अडचण लहान आकड्यांची. अशा क्वचित घटनांचा आकडा योगायोगानेच साधारण सरासरीच्या वर्गमुळाइतका वरखाली होत असतो. वर्षाला सरासरी ९ घटना होत असतील, तर त्याचे वर्गमूळ ३. म्हणजे एखाद्या वर्षी ६ किंवा १२ घटना होणे निव्वळ योगायोगानेही सहज घडते. ९ चे ६ झाले यावरून उपाय लागू पडला असे म्हणता येत नाही. तिसरी अडचण अशी की, लोक रंगवलेली जागा टाळून दोनशे मीटर पुढे रूळ ओलांडू लागले तर वडाळ्याचा आकडा सुधारतो आणि माणूस मात्र तितकाच धोक्यात राहतो.

यावर व्यवहार्य मार्ग असा की, क्वचित घडणाऱ्या मृत्यूंसोबत वारंवार घडणारे वर्तनही मोजावे. गाडी किती सेकंदांवर असताना माणूस रुळांत उतरतो, भोंगा ऐकून किती जण मान वळवतात, किती जण मागे फिरतात, हे चित्रीकरणावरून एका आठवड्यात शेकडो वेळा मोजता येते. ही मोजणी बदलापूर्वी, बदलानंतर लगेच, आणि वर्षभराने पुन्हा करावी. नवेपणाचा परिणाम ओसरतो, पावसाळ्यात रंग मळतो, भयानक छायाचित्राचीही डोळ्यांना सवय होते. वर्षभरानंतरची मोजणी नसेल तर अहवालात ‘परिणाम टिकला’ असे लिहू नये.

सातवी पायरी: संमती आणि लेखी नोंद

वैद्यकाने माणसांवरील संशोधनाचे नियम १९६४ च्या हेलसिंकी घोषणेत बांधून घेतले. डिझाइनमध्ये असे बंधन अजून सैल आहे, म्हणून ते स्वतःहून पाळावे. चित्रीकरण करायचे तर वस्तीतल्या लोकांना आधी त्यांच्या भाषेत सांगावे, चेहरे ओळखू येणार नाहीत अशी व्यवस्था करावी आणि भीती दाखवणारे चित्र लावताना ते रोज शाळेत जाणाऱ्या मुलांसमोर राहणार आहे याचा विचार त्यांच्या पालकांना सोबत घेऊन करावा.

अहवालात प्रत्येक उसन्या कल्पनेसाठी एक ओळ ठेवावी: कल्पना कोणती, कोणत्या शास्त्रातून आली, तिच्या मूळ अटी कोणत्या, आपल्या जागेत काय वेगळे होते, ते कसे तपासले आणि काय आढळले. आढळलेले अपेक्षेविरुद्ध असेल तरी ती ओळ तशीच राहावी. मसुदा तयार झाला की एक प्रत दुसऱ्या पायरीवर भेटलेल्या जाणकाराला आणि एक प्रत, सोप्या मराठीत लिहिलेली, ज्यांचे निरीक्षण केले त्या लोकांना द्यावी. दोन्हीकडून आलेले आक्षेप परिशिष्टात त्यांच्याच शब्दांत छापावेत, आणि ज्या आक्षेपांना आपल्याकडे उत्तर नाही त्यांच्यासमोर तसे लिहावे. पुढचा गट काम सुरू करताना बहुधा तेच पान आधी उघडेल.